डुकराची चरबी : ताकद किती आणि रक्त किती

बीड जिल्ह्यातल्या एका ताईंचे पत्र आले आहे. घर ऊसतोडीचे. दसरा झाला की मुकादमाच्या गाडीत भांडीकुंडी भरून फडावर जायचे आणि चैत्राच्या आसपास गावी परतायचे, असा त्यांचा संसार. घरात पहिल्यापासून डुकराचे मटण खाल्ले जाते. त्याची चरबी कढवून डब्यात भरून ठेवतात आणि सासूबाई ती नातवंडांच्या भाकरीला लावतात. आता शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने मोबाईलवर वाचून दाखवले की, जगातल्या शंभर पौष्टिक पदार्थांत डुकराच्या चरबीचा नंबर आठवा आहे. तेव्हापासून सासूबाईंचा हात आणखीच सैल झाला आहे. ताईंचे विचारणे तीन गोष्टींचे. हे खरे का? थोरल्या मुलीच्या अंगात रक्त कमी निघाले आहे, ते चरबीने भरून येईल का? आणि सासूबाई गुडघ्यांनाही तीच चोळतात, त्याचा गुण येतो का? पत्राच्या शेवटी लिहिले आहे, "कृपा करून नाव छापू नका."

नाव छापणार नाही. मात्र गाईच्या तुपाविषयी विचारताना आजवर कुणी ही विनंती केली नव्हती.

आपल्या भागात वडार, कैकाडी अशा समाजांत डुकरे पाळण्याची रीत जुनी आहे, आणि ते मटण खाणारी घरे आणखीही बऱ्याच समाजांत आहेत. हे सगळ्यांना ठाऊक असते, पण बोलत कुणी नाही. पाककृतींच्या पुस्तकांत तर या घरांच्या चुलीला जागाच नव्हती. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ साली आले. मराठवाड्यातल्या महार आणि मांग घरांत काय शिजत होते आणि कसे शिजत होते, ते त्यांनी त्यात नीट लिहून ठेवले. २०२४ साली ते इंग्रजीतही गेले. इकडे आपण ज्या मटणाचे नाव दबक्या आवाजात घेतो, तेच गोव्याच्या ख्रिस्ती घरांत सणासुदीला मानाने वाढतात. तिथल्या चोरिसाच्या माळेत मांसाच्या जोडीला चरबीचे तुकडे मुद्दाम भरलेले असतात. ज्यांच्या धर्मात किंवा घरात हे वर्ज्य आहे त्यांचे त्यावाचून काहीही अडत नाही, त्यांनी हे पान उलटावे. जे खातात त्यांना आपण काय खातो हे कळले पाहिजे, म्हणून हा लेख.

आधी त्या आठव्या नंबराचे पाहू. यादी खोटी नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय अभ्यासावरून बीबीसीने २०१८ साली ती दिली. त्या शास्त्रज्ञांनी हजारावर पदार्थ घेतले आणि माणसाची दिवसाची गरज भागेल अशा त्यांच्या निरनिराळ्या जोड्या जमवून पाहिल्या. जो पदार्थ अशा जोड्यांत वारंवार बसला त्याला गुण जास्त. आता दिवसाच्या अन्नात थोडा स्निग्ध पदार्थ लागतोच, आणि तेवढ्यापुरती डुकराची चरबी जोडीत चांगली बसते. याचा अर्थ ती एकटी माणसाला पोसते असा होत नाही. भिंतीला चुना लागतो, म्हणून कुणी नुसत्या चुन्याची भिंत बांधत नाही. आणि त्याच यादीत सहावा नंबर भोपळ्याच्या बियांचा आहे, नववा बीटाच्या पाल्याचा आहे. त्या मुलाने तेही वाचून दाखवले असते तर बरे झाले असते. लाल भोपळा चिरताना बिया आपण उकिरड्यावर टाकतो आणि बीटाचा पाला शेळीला.

आता चरबीत काय असते ते पाहू. इथे एक घोटाळा नेहमी होतो. मटणाबरोबर शिजलेला चरबीचा तुकडा वेगळा आणि कढवून गाळलेली चरबी वेगळी. शिजलेल्या तुकड्यात थोडे पाणी, थोडी कातडी-पडद्यातली प्रथिने आणि किंचित जीवनसत्त्वे राहतात. त्याच्या शंभर ग्रॅममधून सहाशेच्या मागेपुढे उष्मांक मिळतात. कढवून गाळली की बाकी सगळे निघून जाते आणि उरतो तो निव्वळ स्निग्धांश. त्याचे शंभर ग्रॅममागे नऊशे उष्मांक. म्हणजे तूप आणि तेल यांच्याच रांगेतली ही वस्तू.

ही ताकद लहान समजू नका. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० साली जे हिशेब मांडले, त्यांत कष्टाचे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला ३४७० आणि बाईला २७२० उष्मांक लागतात असे धरले आहे. फडावर पहाटेपासून कोयता चालवायचा, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून गाडीत चढवायच्या, हे काम याच वर्गातले. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठातून सव्वातीनशे-साडेतीनशे उष्मांक मिळतात. नुसत्या भाकरीवर गरज भागवायची तर गड्याला किलोभर पीठ खावे लागेल. तेवढे पोटात मावत नाही आणि मावले तरी वाकून ऊस तोडवत नाही. भाकरीबरोबर ३० ग्रॅम तूप, तेल किंवा चरबी गेली तर २७० उष्मांक मिळतात आणि पोट जड होत नाही. लहान मुलाचे तर पोटच मुठीएवढे. सहा महिन्यांनंतर मऊ भात, खिचडी, पेज सुरू केली की त्यात चमचाभर तूप किंवा तेल घालायला डॉक्टर सांगतात ते याचसाठी. ज्या घरी तूप नाही आणि चरबी आहे, तिथे स्वच्छ कढवलेल्या चरबीनेही हे काम होते. शिवाय तांदुळजा, चाकवत, शेवग्याचा पाला, गाजर यांतले 'अ' जीवनसत्त्व घडवणारे द्रव्य अंगी लागायला जेवणात थोडा स्निग्ध पदार्थ हवाच. नुसत्या पाण्यात उकडलेली पालेभाजी पोटात जाते, पण तिच्यातले ते द्रव्य नीट अंगी लागत नाही.

तुपाशी तुलना करायची तर तीही करू. जी चरबी थंडीत घट्ट गोठते तिच्यात संपृक्त भाग जास्त असतो आणि तो फार झाला की रक्तातले कोलेस्टेरॉल वाढते. डुकराच्या चरबीत हा भाग शंभरात चाळीसच्या आसपास असतो, तुपात साठच्या वर. उरलेल्यातला मोठा भाग, शंभरात पंचेचाळीसच्या जवळपास, शेंगदाणा तेलात असतो त्याच जातीचा आहे. म्हणजे तूप अमृत आणि डुकराची चरबी विष, ही समजूत अन्नशास्त्राची नव्हे. पण म्हणून ती वाटीने खावी असेही नाही. शंभरातले चाळीस काही थोडे नाहीत. करडईच्या तेलात संपृक्त भाग शंभरात दहापेक्षा जास्त नसतो.

वनस्पती तुपाची गोष्ट तर आणखी न्यारी. पिवळ्या डब्यातले ते तूप पाव्हण्यांना वाढताना वर्षानुवर्षे कुणाची मान खाली गेली नाही. तेल घट्ट करताना त्यात ट्रान्स नावाची स्निग्धाम्ले तयार होत. हृदयाला सर्वांत वाईट तीच, हे पुढे कळले. २०२२ सालापासून सरकारने अशा पदार्थांतल्या ट्रान्सवर शंभरात दोनची मर्यादा घातली. आठवडी बाजारात एकाच काळ्या तेलात दिवसभर तळलेली भजी आजही आपण निर्धास्त खातो. लाजायचेच असेल तर तिथे थोडे लाजावे.

डुकराच्या चरबीत 'ड' जीवनसत्त्वही मिळते, पण डुक्कर उन्हात वावरलेले असेल तर. माणसासारखेच डुकराच्या कातडीतही उन्हाने हे जीवनसत्त्व तयार होते आणि चरबीत साठते. कोंडलेल्या डुकराच्या चरबीत ते थोडे. डुकराची आणखी एक खोड अशी की, ते जे खाते तेच त्याच्या चरबीत उतरते. शेळी-गाईचे तसे नाही, त्यांच्या पोटातच चाऱ्याचे रूप बदलते. डुकराला शेंगदाण्याची पेंड फार घातली तर चरबी मऊ, तेलकट होते. म्हणूनच शहराच्या कचऱ्यावर आणि गटारात वाढलेल्या जनावराचे मांस स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. पूर्वीच्या डीडीटीसारख्या औषधांचा अंश जनावराच्या चरबीतच साठून राही. घरचे, बांधून पाळलेले, कोंडा-कण्या, उष्टे-खरकटे शिजवून घातलेले जनावर केव्हाही चांगले.

आता ताईंच्या मुलीच्या रक्ताचे. इथे सासूबाईंची समजूत मोडावी लागेल. चरबीने रक्त वाढत नाही. रक्ताला लोह लागते, प्रथिने लागतात, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व लागते. कढवलेल्या चरबीत प्रथिने नाहीत आणि लोहही जवळजवळ नाही. डुकराच्या तांबड्या मांसात हे सगळे आहे, ब-१ जीवनसत्त्व तर इतर मटणांपेक्षा त्यात पुष्कळच जास्त आहे. काळजात लोह भरपूर. पण हे मांसाचे गुण आहेत, ते चरबीच्या नावावर जमा करता येत नाहीत.

आणि इथेच आपल्या घरांतली वाढपाची रीत आडवी येते. मटण शिजते त्या दिवशी तांबडे तुकडे आणि काळीज कुणाच्या ताटात जाते? आधी गडी बसतात, मग पोरगे, आणि बायका-मुली शेवटी. तोवर पातेल्यात रस्सा, हाडे आणि वरची चरबी उरलेली असते. "तुला कवळी चरबी ठेवलीय गं," असे मायेने म्हणूनच वाढले जाते. ती खाऊन मुलीचे गाल वर येतात, वजन भरते, अंगात तरतरी वाटते, आणि डोळ्यांच्या आतली पापणी मात्र पांढरीच राहते. घरच्यांना वाटते पोर सुधारली. जिना चढताना धाप लागते तेव्हा कळते, पण बिनजिन्याच्या घरात तेही कळत नाही. पाळी सुरू झालेल्या मुलीला आणि लेकुरवाळ्या बाईला लोहाची गरज गड्यापेक्षा जास्त असते. म्हणून काळजाचा तुकडा आधी तिच्या ताटात पडला पाहिजे. बाईने घरात हे कसे बोलावे, असे पुष्कळ जणी म्हणतील. नसेल बोलता येत तर वाढण्याच्या आधी वाटीत काढून ठेवावा, पातेले बाईच्याच हातात असते.

मटण काही रोज शिजत नाही. बाकीच्या दिवशी बाजरीची भाकरी, हरभरा-मटकीची उसळ, शेंगदाणे-गूळ, हळीव, पालेभाजी आणि जोडीला लिंबाची फोड किंवा आवळा हवा. लिंबाने या पदार्थांतले लोह अंगात चांगले शोषले जाते, आणि जेवणाला लागून घेतलेल्या चहाने ते वाया जाते. एकदा कमी झालेले रक्त मात्र नुसत्या जेवणाने लवकर भरून येत नाही. उपकेंद्रात लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात. त्याने शौचाला काळे होते, थोडे मळमळते, म्हणून पुष्कळ मुली त्या फेकून देतात. घाबरायचे कारण नाही, रात्री जेवणानंतर घ्याव्यात. फडावर जाताना सहा महिन्यांच्या गोळ्या बरोबर न्याव्यात आणि परतल्यावर रक्त पुन्हा तपासावे.

आता न विचारलेला प्रश्न. ताईंनी तो विचारला नाही, पण या मटणात खरा धोका आहे तो हाच. गावात मोकाट फिरणारे डुक्कर माणसाची विष्ठा खाते. ज्या माणसाच्या पोटात पट्टकृमी असेल, त्याच्या विष्ठेतून त्या कृमीची अंडी डुकराच्या पोटात जातात आणि मांसात बारीक पाणीदार गाठी धरतात. मांस कापताना साबुदाण्यासारखे पांढरट दाणे दिसले तर ते हेच. असे मांस किलोभर असो की अख्खे जनावर असो, खोल पुरून टाकावे. पैसे गेले म्हणून हळहळ वाटते, पण ते रांधू नये. दाणे दिसले नाहीत तरी मांस नीट शिजलेच पाहिजे. तुकडे लहान करावेत आणि आतला गुलाबीपणा पूर्ण जाईपर्यंत शिजवावेत. निखाऱ्यावर वरवर भाजून आत कच्चे राहिलेले मटण हे सर्वांत वाईट. चरबी कढवताना ती उकळत्या पाण्यापेक्षाही जास्त तापते, त्यामुळे गाळलेल्या चरबीत ही भीती उरत नाही. कच्चे मटण कापलेली सुरी आणि पाट मात्र धुतल्याशिवाय कांद्या-कोथिंबिरीला लावू नये.

कच्चे राहिलेले मटण खाल्ले की पोटात पट्टकृमी होतो. तो त्रासाचा असला तरी औषधाने जातो. डोक्यात गाठी होतात त्या वेगळ्या वाटेने. ज्याच्या पोटात कृमी आहे त्याची विष्ठा उघड्यावर पडते, तिच्यातली अंडी हातांनी, पाण्याने, न धुतलेल्या मेथी-कोथिंबिरीने दुसऱ्याच्या तोंडात जातात. तिथून रक्तातून मेंदूत जाऊन गाठी धरतात आणि मग आकडी येऊ लागते. म्हणून ज्याने जन्मात मटणाला हात लावला नाही अशा माळकऱ्यालाही हा आजार होतो. डुक्कर खाणाऱ्यांना नावे ठेवून तो टळत नाही. तो टळतो संडासाने, साबणाने हात धुण्याने आणि डुकरे बांधून पाळण्याने. फडावरच्या कोप्यांना संडास नसतो, बायका अंधारात उसात जातात आणि तिथेच पोरे खेळतात. उचल ठरवतानाच संडास आणि पाण्याचे मुकादमाशी बोलून घ्यावे. एकट्याने बोलून ऐकत नाहीत, टोळीने बोलावे.

मुलाला आकडी आली तर कांदा किंवा चप्पल हुंगवत बसू नये, तोंडात चमचा घालू नये. कुशीवर निजवावे, आजूबाजूचे दगड-भांडे दूर करावे, आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच दवाखाना गाठावा. थांबली तरी नंतर दाखवलेच पाहिजे. बीडचे जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. आकडी येणाऱ्याला जंताचे औषध मनाने देऊ नये. डोक्यात गाठी असतील तर त्याने सूज वाढू शकते. शाळेत, अंगणवाडीत जंताची गोळी देतात ती चांगलीच आहे, फक्त मुलाला आकडी येत असेल तर गोळी घेण्याआधी तसे सांगावे.

घरी चरबी कढवताना ती बारीक चिरून जाड बुडाच्या पातेल्यात घोटभर पाण्यासह मंद आचेवर ठेवावी. पाणी आटते, चरबी सुटते, तुकडे बदामी होतात. धूर निघेपर्यंत जाळू नये. कोमट झाली की कोरड्या फडक्यातून गाळून स्टीलच्या झाकणाच्या डब्यात भरावी. ओला चमचा घालू नये, डबा उन्हात ठेवू नये. खवट वास आला की टाकून द्यावी. राहिलेल्या कुरकुरीत तुकड्यांवर मीठ टाकून ते दारूबरोबर खायचे, ही जी काही गड्यांची आवड आहे तिने यकृत आणि रक्तदाब दोन्ही बिघडतात. ज्यांना हृदयविकार, वाढलेले कोलेस्टेरॉल, मधुमेह किंवा पित्ताशयातले खडे आहेत, त्यांनी चरबीपासून दूरच राहावे.

इतरांनी तेल, तूप, चरबी सगळे मिळून दिवसाला माणशी २५ ते ३० ग्रॅम धरावे, म्हणजे चहाचे पाच-सहा चमचे. तोडणीच्या दिवसांत थोडे जास्त चालेल. गावी बसून असताना तोच हात ठेवला तर पोट सुटते. निम्म्याहून अधिक भाग करडई, शेंगदाणा अशा तेलांचा असावा, आणि जवसाची चटणी घरात असावी. शरीराला लागणारी काही स्निग्धाम्ले त्यातच असतात, ती चरबीत थोडी. म्हणजे सासूबाईंनी नातवाच्या भाकरीला चमचाभर लावली तर हरकत नाही. मात्र ज्या दिवशी कालवणात तेल सढळ असेल त्या दिवशी लावू नये.

राहिले गुडघे. चोळलेली चरबी सांध्याच्या आत पोचत नाही. गुण येतो तो चोळण्याचा आणि ऊबेचा, आणि दिवसभराच्या दुखण्यानंतर सुनेचा हात लागला तर तो थोडा नसतो. पण तोच गुण तिळाच्या तेलानेही येईल, चरबी भाकरीला ठेवावी. गुडघा सुजून गरम लागत असेल तर चोळू नये, डॉक्टरांना दाखवावे. आणि कशानेही चोळले तरी त्यानंतर लगेच चुलीपुढे बसू नये. स्निग्ध पदार्थाने भिजलेले लुगडे चटकन पेट घेते.